एकसारखे चुंबकी नॅनोकण : साध्या रसायनानं कुठवर जाता येतं?

चुंबकवेडा

चुंबकी नॅनोकण बनवणं अवघड नाही. लोहाचे फेरिक (तीन भाराचे) आणि फेरस (दोन भाराचे) क्षार २:१ प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, ढवळत ढवळत अमोनिया ओतायचा, की काळा साका पडतो. बीकरला बाहेरून चुंबक लावला तर साका त्या बाजूच्या काचेवर गोळा होतो आणि उरलेलं पाणी नितळ होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. मला अजूनही वाटते.

अवघड आहे ते सगळे कण एका मापाचे बनवणं. शोधनिबंधांत 'युनिफॉर्म' आणि 'मोनोडिस्पर्स' हे शब्द इतक्या सढळ हातानं वाटलेले असतात, की टीईएमचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) चित्र आणि मोजलेल्या कणांचा आलेख समोर आल्याशिवाय मी ते मनावर घेत नाही.

माप सारखं असण्याचा एवढा आग्रह कशासाठी? मॅग्नेटाइटचा, म्हणजे वरच्या काळ्या लोह ऑक्साइडचा, कण पुरेसा लहान असला की खोलीच्या तापमानाला त्याची चुंबकी दिशा उष्णतेच्या धक्क्यांनी आपोआप उलटत राहते. हेच सुपरपॅरामॅग्नेटिक वागणं. एकदा उलटायला सरासरी किती वेळ लागतो याचं सूत्र लुई नेएल यांनी १९४९ मध्ये दिलं, आणि त्यात कणाचं घनफळ थेट घातांकात बसलंय. अनायसोट्रॉपी (चुंबकी दिशा उलटायला आड येणारा ऊर्जेचा अडसर) घनमीटरला १३,५०० जूल, सुरुवातीचा गुणक सेकंदाचा एक अब्जांश आणि तापमान ३०० केल्विन धरून हिशेब करून बघा. २० नॅनोमीटरच्या कणाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. २२ च्या कणाला सेकंदाचा बारावा भाग. २४ ला अठराएक सेकंद. आणि २६ ला जवळजवळ तीन तास!

व्यास सहा नॅनोमीटरनं वाढला, वेळ मिलिसेकंदावरून तासांवर गेला. आता बाटलीवर 'सरासरी २३ नॅनोमीटर' लिहिलं आणि आत हे चारही कण असले, तर त्या बाटलीचा चुंबकी गुणधर्म म्हणून नेमकं काय सांगणार? बाहेरचं क्षेत्र काढल्यावर काही कण लगेच विसरतील, काही दुपारपर्यंत लक्षात ठेवतील.

आता मूळ मुद्दा. १९५० मध्ये ला मेर आणि डिनेगर यांनी गंधकाच्या सॉलवर (द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांवर) काम करताना एक चित्र मांडलं, ते आजही चालतं. द्रावणात घटकांची तीव्रता वाढत वाढत अतिसंपृक्ततेच्या एका पातळीपुढे गेली की अचानक असंख्य केंद्रकं (कणांचे पहिले अंकुर) तयार होतात. त्यामुळे तीव्रता पटकन खाली येते आणि नवी केंद्रकं बनणं थांबतं. त्यानंतर जे उरतं ते आधीच्या कणांवर चढत जातं. सगळे धावपटू एकाच क्षणी सुटले आणि एकाच वेगानं धावले तर कुठल्याही क्षणी ते जवळजवळ शेजारीच दिसतील, तसंच हे. निम्मे आधी आणि निम्मे नंतर सुटले, तर पुढे कितीही शिस्तीत धावोत, अंतर राहणारच.

म्हणून कुठलीही पद्धत समोर आली की मी आधी एवढंच विचारतो: केंद्रकं बनण्याचा काळ आणि कण वाढण्याचा काळ यांची फारकत कशी केली आहे? याचं उत्तर नसेल तर पुढचा निबंध चाळला तरी चालतो.

अनुभवी मंडळींनी भर घालावी. नवख्यांनी बिनधास्त विचारावं.

अवक्षेप

चांगला धागा. पण को-प्रेसिपिटेशनला (दोन्ही क्षारांचा एकत्र साका पाडण्याच्या पद्धतीला) पहिल्याच परिच्छेदात 'गंमत' म्हणून वाटेला लावलंत, म्हणून तिची बाजू मांडतो.

रेने मासार यांनी १९८१ मध्ये पाण्यातले चुंबकी द्रव बनवायची पद्धत छापली, आणि पाण्यात टिकणारे कण हवे असतील तर आजही बहुतेक जण तिच्याच कुठल्यातरी रूपाकडे जातात. कारण सरळ आहे. तासाभरात ग्रॅमच्या हिशेबात माल मिळतो, सेंद्रिय द्रावक लागत नाही आणि कण जन्मापासूनच पाण्यातले असतात.

मी वापरतो ती मापं देतो. फेरिक क्लोराइड (सहा रेणू पाणी असलेलं) ५.४१ ग्रॅम म्हणजे २० मिलिमोल, फेरस क्लोराइड (चार रेणू पाणी असलेलं) १.९९ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल. दोन्ही मिळून १०० मिली पाण्यात, वर दोन-चार थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल, नाहीतर फेरिक आधीच गढूळ व्हायला लागतं. कागदावरच्या हिशेबानं २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवं. समीकरणाप्रमाणे ८० मिलिमोल हायड्रॉक्साइड पुरतं, म्हणजे २५ टक्क्यांचा अमोनिया जेमतेम सहा मिली. पण तेवढ्यावर थांबू नका. १५ ते २० मिली घ्या, पीएच १० च्या आसपास गेला पाहिजे. आम्लारी कमी पडली की हिरवा गंज किंवा पिवळट गोएथाइट मध्ये घुसतं आणि साक्याचा काळा रंग मळकट तपकिरी दिसायला लागतो.

पाण्यातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडायचा. फेरस क्षाराचे खडे फिकट हिरवे असायला हवेत. कडांना पिवळट-तांबूस झाक आली असेल तर त्यातलं काही लोह आधीच फेरिक झालंय आणि तुमचं २:१ फक्त वहीत उरलंय. तापमान ७० ते ८० अंश सेल्सियस. अमोनिया थेंब थेंब सोडायचा नाही, एका दमात ओतायचा. हळू सोडला तर पीएच हळूहळू चढतो. फेरिक हायड्रॉक्साइड पीएच २-३ लाच खाली बसतं, फेरस मात्र बऱ्याच नंतर येतं, आणि मग दोघांची गाठ घालून देण्यात वेळ जातो.

धुताना एक खूण लक्षात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला साका खाली बसेनासा होतो, पाणी तपकिरी-काळं राहतं. नवखे घाबरतात. क्षार निघून गेल्यामुळे कणांवरचे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलायला लागले, एवढाच त्याचा अर्थ. तिथेच सायट्रिक आम्ल घालून कण झाकून घ्यायचे.

इतकं सगळं नीट सांभाळलं तर सरासरी १० नॅनोमीटरच्या आसपास येते आणि पसारा (कणाकणाच्या मापातला फरक) २० ते २५ टक्के.

चुंबकवेडा

शेवटचं वाक्य माझ्याच बाजूनं पडलं की हो! :) व्यासात २० टक्के पसारा म्हणजे घनफळात साधारण ६० टक्के, आणि वरच्या सूत्रात जातं ते घनफळ.

बाकी प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. खड्यांच्या कडांची खूण तर कुठल्या निबंधात सापडत नाही.

अवक्षेप

मान्यच आहे, मी कुठे लपवलं? पण तो पसारा का येतो हेही सांगायला हवं. केंद्रकं बनायला लागतात मिलिसेकंद. बीकरमध्ये ढवळणीनं दोन द्रव पुरते मिसळायला लागतात सेकंद. म्हणजे अमोनिया जिथे पडला तिथे कण बनून मोकळे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात अजून पीएच २. तुमचे धावपटू एका क्षणी सुटत नाहीत, कारण शिट्टी सगळ्यांना एका वेळी ऐकूच येत नाही. इथे रसायनशास्त्राचा दोष नाही, मिसळण्याचा आहे. म्हणून काही जण दोन बारीक प्रवाह समोरासमोर आदळवणारे टी-आकाराचे मिक्सर वापरतात, तिथे पसारा कमी होतो.

खडूफळा

मी शाळेत शिकवतो, नॅनोशी संबंध फक्त वाचनापुरता. एक बाळबोध शंका. मापं वेगवेगळी आली तर आली, नंतर चाळून का घेत नाही?

भट्टीवाली

@खडूफळा, शंका बाळबोध नाही, बरीच वर्षं लोक तेच करत होते. ऑलेइक आम्लानं झाकलेले कण हेक्झेनमध्ये असतात. त्यात हळूहळू इथेनॉल घालत गेलं की सगळ्यात मोठे कण आधी एकमेकांना चिकटून खाली येतात. तेवढे सेंट्रिफ्यूज करून वेगळे काढायचे, आणखी इथेनॉल, त्याहून लहान कण, असं करत जायचं. चालतं, पण प्रत्येक पायरीला माल घटतो आणि हातात शेवटी चिमूटभर राहतं.

चुंबकानं चाळण्याचाही एक प्रकार आहे. २००६ मध्ये राइस विद्यापीठाच्या गटानं दाखवलं, की एकसारखे मॅग्नेटाइटचे कण अगदी कमी क्षेत्रातही द्रावणातून ओढून काढता येतात, आणि वेगवेगळ्या मापांचं मिश्रण असेल तर क्षेत्र बदलून मोठे आधी, लहान नंतर असे वेगळे करता येतात. त्यांचा हेतू पाण्यातलं आर्सेनिक काढण्याचा होता.

आता मूळ विषय. @अवक्षेप यांनी मिसळण्याबद्दल जे लिहिलंय तीच किल्ली आहे. मिसळण्याची अडचण टाळायची असेल तर काही मिसळूच नका. सगळं आधीपासून एकाच भांड्यात एकजीव ठेवा आणि फक्त तापवा. उष्णता सगळीकडे जवळपास एकाच वेळी पोचते, तिथेच घटक सुटे होतात, तिथेच केंद्रकं बनतात.

याचं सगळ्यात सुटसुटीत रूप म्हणजे आयर्न ओलिएटची पद्धत, दक्षिण कोरियातल्या ताएघ्वान ह्योन यांच्या गटाची, २००४ ची. त्याआधी २००१ मध्ये याच गटानं आयर्न पेंटाकार्बोनिल वापरून एकसारखे कण बनवले होते, पण ते द्रव विषारी आणि पटकन उडणारं, नाव काढलं तरी फ्यूमहूड आठवतो. २००४ मध्ये त्यांनी साधं फेरिक क्लोराइड आणि सोडियम ओलिएट घेतलं. सोडियम ओलिएट म्हणजे तसा साबणच. पाणी, इथेनॉल आणि हेक्झेनच्या मिश्रणात ७० अंशांना चार तास ठेवलं की लोह साबणाला चिकटून वरच्या हेक्झेनच्या थरात येतं. थर गडद लाल-तपकिरी, खालचं पाणी फिकं. पाणी काढून टाका, धुवा, हेक्झेन उडवा, मागे राहतो मेणचट चिकट ओलिएट.

तो १-ऑक्टाडिसीनमध्ये थोड्या ऑलेइक आम्लाबरोबर घालून मिनिटाला ३.३ अंश या गतीनं ३२० अंशांपर्यंत चढवायचा आणि तिथे अर्धा तास ठेवायचा. मिळतात १२ नॅनोमीटरचे कण, चाळणी न लावता. एका खेपेत ४० ग्रॅम केल्याचं त्यांनी दाखवलं.

यामागची कल्पना अशी, की लोहाला तीन ओलिएट चिकटलेले असतात. त्यातला एक साधारण २०० ते २४० अंशांमध्ये सुटतो, उरलेले दोन ३०० च्या आसपास. केंद्रकं आधी, वाढ नंतर, दोन वेगळ्या तापमानांना. @चुंबकवेडा यांनी मागितलेली फारकत इथे तापमानाच्या पट्टीवरच आखून मिळते.

माप बदलायचं तर उकळबिंदू बदला. त्याच निबंधात १-हेक्झाडिसीनमध्ये ५ नॅनोमीटर, ऑक्टाइल ईथरमध्ये ९, ऑक्टाडिसीनमध्ये १२, आयकोसीनमध्ये १६ आणि ट्रायऑक्टाइलअमाइनमध्ये २२ असे आकडे आहेत. जेवढं गरम, तेवढे मोठे.

हाताखालची गोष्ट सांगते. ओलिएटमध्ये पाणी किंवा इथेनॉल उरलं असेल तर ११०-१२० अंशांना फ्लास्क खदखदायला लागतो, कधी सगळं कंडेन्सरमध्ये उसळतं. म्हणून त्याच तापमानाला तासभर व्हॅक्यूम लावून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. पुढे ३१० च्या वर लाल-तपकिरी पारदर्शक द्रव बघता बघता गढूळ आणि मग काळा होतो. तो क्षण चुकवू नये, कारण अर्धा तास तिथून मोजायचा की ३२० गाठल्यापासून, हे वहीत लिहून ठेवलं नाही तर पुढच्या खेपेला माप हमखास बदलतं.

सहज_वाचक

वाचतोय. भट्टीवाली यांचा प्रतिसाद +१.

तिरकस

धाग्याच्या नावात 'साध्या रसायनानं' असं आहे. ३२० अंशांचं तेल, नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि वर तीनशे मिली हेक्झेन-इथेनॉल धुण्यात. साधं कुठल्या बाजूनं?

आणि दुसरं. मापाबद्दल एवढं बोललात, पण आत काय आहे? ओलिएटच्या पद्धतीत ऑक्टाडिसीन आणि ओलिएट स्वतःच क्षपण करतात, त्यामुळे बरेचदा कणाच्या पोटात वुस्टाइट निघतं, म्हणजे फक्त फेरस असलेलं ऑक्साइड. ते फेरोमॅग्नेटिक वगैरे काही नाही, खोलीच्या तापमानाला चुंबकाला फारशी दादही देत नाही. टीईएममध्ये कण देखणे, एकसारखे, आणि चुंबकन मात्र निम्मं. मापाचा एकसारखेपणा आणि रचनेचा एकसारखेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक पहिली दाखवून दुसरी खपवतात.

भट्टीवाली

दुसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. वुस्टाइट येतं. त्यावर उपाय म्हणजे शेवटी तापमान खाली आणून मोजून थोडी हवा सोडायची आणि काही तास ठेवायचं, किंवा ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडसारखं सौम्य ऑक्सिडीकारक घालायचं. पण मग मॅग्नेटाइटवर न थांबता मॅगेमाइटपर्यंत (सगळं लोह फेरिक झालेल्या ऑक्साइडपर्यंत) गेलं तर? हा तोल सांभाळावाच लागतो.

पहिल्या मुद्द्यावर: 'साधं' म्हणजे कमी तापमान, असं मी धरत नाही. ज्यात सांभाळायच्या गोष्टी कमी ती पद्धत साधी. इथे तापवण्याची गती आणि शेवटचं तापमान. को-प्रेसिपिटेशनमध्ये पीएच, क्षारांचं प्रमाण, ऑक्सिजन, ओतण्याचा वेग, ढवळणी, तापमान, झाकणारं आम्ल, सगळंच एकाच मिनिटात घडतं.

अवक्षेप

हे वकिली उत्तर झालं. :) पण पाण्यातही 'मिसळू नका, आतूनच सोडा' ही युक्ती आहेच. अमोनियाऐवजी युरिया घाला. थंड असताना युरिया गप्प बसतो. ९० अंशांच्या आसपास त्याचं विघटन होऊन अमोनिया सगळ्या द्रावणात सारखाच सुटतो. पीएच एका कोपऱ्यातून नाही, सगळीकडून एकदम चढतो.

आणि पाण्यात एकसारखे कण करता येत नाहीत असं कुणाला वाटत असेल तर सुगिमोतो आणि मातियेविच यांचं १९८० चं काम बघा. फेरस हायड्रॉक्साइडचा जेल नायट्रेटबरोबर ९० अंशांना मुरवत ठेवला आणि मॅग्नेटाइटचे गोल, एकसारखे कण मिळाले. ते मोठे आहेत हे खरं, बरेचसे शेकडो नॅनोमीटरचे. पण जेलमध्ये लोह अडकून राहतं आणि हळूहळू सुटतं, त्यामुळे वाढीच्या काळात नवी केंद्रकं बनतच नाहीत. तीच फारकत, पाण्यात, तेलाशिवाय.

गोळीबंद

या दोघांच्या मध्ये बसणारी एक पद्धत राहिली: ऑटोक्लेव्हची. फेरिक क्लोराइड, सोडियम ॲसिटेट, इथिलीन ग्लायकॉल आणि थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, टेफ्लॉनच्या भांड्यात घालून स्टीलच्या कवचात बंद, २०० अंश, ८ ते ७२ तास. २००५ मध्ये चीनमधल्या याडोंग ली यांच्या गटानं ही रीत दिली. वेगळं फेरस लागत नाही, ग्लायकॉलच थोडं फेरिक फेरस करतं. मिळतात २०० ते ८०० नॅनोमीटरचे गोळे, एसईएममध्ये (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) अगदी मोजून ठेवल्यासारखे.

भांडं तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. घाईत उघडणारे लोक मी बघितलेत.

इथे एक घोळ नेहमी होतो. एसईएम सांगतं ३०० नॅनोमीटर, एक्सआरडीचं (क्ष-किरण विवर्तनाचं) शेरर समीकरण, जे आलेखातल्या टोकाच्या रुंदीवरून माप काढतं, ते सांगतं १५, आणि परीक्षक विचारतो खरं कुठलं? दोन्ही खरं. गोळा लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो. एक्सआरडी स्फटिक मोजतं, एसईएम गोळा. म्हणून ३०० चा गोळा असूनही चुंबक काढल्यावर तो बराचसा चुंबकत्व सोडून देतो. पाण्यातून पटकन ओढून काढायला हे उत्तम, कारण गोळा मोठा असल्यामुळे ओढ जोरदार लागते.

शंकासुर

मी पहिल्यांदाच हे करतोय, को-प्रेसिपिटेशननं, वर ऑलेइक आम्ल. व्हीएसएमला (चुंबकन मोजणाऱ्या यंत्राला) चुंबकन ५५ ईएमयू प्रति ग्रॅम आलं. पुस्तकात मॅग्नेटाइटचं ९२ दिलंय. मार्गदर्शक म्हणतात पुन्हा कर. कुठे गेलं बाकीचं चुंबकत्व?

चुंबकवेडा

पुन्हा करायच्या आधी थर्मोग्रॅव्हिमेट्री (टीजीए) करून घे. व्हीएसएममध्ये तू जी पूड तोललीस तिच्यात ऑलेइक आम्लाचं वजनही आहे, आणि त्याला चुंबकत्व नाही. समज तापवल्यावर २० टक्के वजन उडालं, तर एक ग्रॅम पुडीत ऑक्साइड ०.८ ग्रॅमच. ५५ भागिले ०.८ म्हणजे ६९. आता तू ९२ पासून तेवढा लांब राहिला नाहीस.

पुढे, तुझं मॅग्नेटाइट मॅग्नेटाइट राहिलंय का? इतके लहान कण हवेत ठेवले की आठवड्यांत, कधी दिवसांत, मॅगेमाइट होतात. मोठ्या स्फटिकातही मॅगेमाइटचं चुंबकन ७५-८० च्या घरातच असतं. आणि तिसरं म्हणजे पृष्ठभाग. १० नॅनोमीटरच्या कणात बाहेरचा अर्धा-एक नॅनोमीटर थर हा घनफळाचा मोठा हिस्सा असतो, आणि तिथले स्पिन (अणूंचे इवलेसे चुंबक) तिरके बसलेले असतात, क्षेत्राच्या दिशेला पुरते वळत नाहीत. कोई यांनी १९७१ मध्ये मॅगेमाइटच्या कणांवर हे दाखवलं. थर अर्धा नॅनोमीटरचा धरला तरी १० च्या कणात २७ टक्के घनफळ त्याच्यात जातं. करून बघ: ०.९ चा घन ०.७२९.

तिरकस

आणि एक्सआरडीवर 'मॅग्नेटाइट सिद्ध झालं' असं लिहू नकोस. मॅग्नेटाइटचा जालक (स्फटिकातल्या एका घराची बाजू) ८.३९६ अँगस्ट्रॉम, मॅगेमाइटचा ८.३५ च्या आसपास. ३११ ची शिखा (आलेखातलं टोक) दोघांचीही ३५.५ अंशांच्या जवळपास. १० नॅनोमीटरच्या स्फटिकाची ती शिखा ०.८ अंश रुंद असते. एवढ्या जाड शिखेत तेवढा फरक डोळ्यांनी दिसत नाही. मॉसबाउअर (लोहाची अवस्था ओळखणारी गॅमा किरणांची चाचणी) करा. रामन करणार असाल तर लेसर अगदी मंद ठेवा, नाहीतर तो लेसरच मॅग्नेटाइटचं हेमाटाइट (तांबडं लोह ऑक्साइड) करून टाकतो आणि तुम्ही हेमाटाइट सापडलं म्हणून निबंध लिहिता.

खडूफळा

माप मोजायचं कसं? डीएलएस नावाचं यंत्र ऐकलंय.

भट्टीवाली

डीएलएस विखुरलेल्या प्रकाशावरून मापतं ते कण, त्याचं आम्लाचं आवरण आणि त्याच्याबरोबर हलणारं पाणी मिळून. शिवाय विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. ५० नॅनोमीटरचा एक कण १० च्या १५,६२५ कणांइतका चमकतो. म्हणजे दोन-चार गुठळ्या असल्या तरी यंत्राला त्याच दिसतात. गुठळ्या आहेत का हे बघायला ते झकास आहे, पण एकसारखेपणा सिद्ध करायला टीईएम लागतो, आणि त्यातले किमान काही शे कण मोजायला लागतात, सगळ्यात सुंदर कोपऱ्यातले वीस नाहीत.

जेलीफिश

आमच्याकडे कोबाल्ट फेराइट (लोहाबरोबर कोबाल्ट असलेलं चुंबकी ऑक्साइड) सायट्रेटच्या ऑटोकम्बश्चननं करतात. नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल, जेल करून तापवलं की ठिणग्या उडत सगळं जळून फुसफुशीत राख उरते. हे एकसारख्या कणांत धरायचं का?

अवक्षेप

नाही. रचना छान येते, धातूंचं प्रमाण पक्कं राहतं, पण ज्वलनात तापमान जागोजागी वेगळं, आणि नंतर भट्टीत भाजताना कण एकमेकांना चिकटून वाढतात. 'नॅनो' आहे, 'एकसारखं' नाही. चुंबकी सिरॅमिकसाठी उत्तम.

चुंबकवेडा

कोबाल्टबद्दल एक जोडतो. कोबाल्ट फेराइटची अनायसोट्रॉपी मॅग्नेटाइटच्या दहा-वीस पट. त्यामुळे मघाचं उलटण्याचं सूत्र लावलं तर उलटायला सेकंदांहून जास्त वेळ लागायची जी मर्यादा मॅग्नेटाइटला २४-२५ नॅनोमीटरला येते, ती कोबाल्ट फेराइटला १० च्या आसपासच येते. म्हणजे इथे एक नॅनोमीटरची चूक आणखी महाग.

तिथे बियांची पद्धत कामाला येते. सन आणि झेंग यांनी २००२ मध्ये आयर्न ॲसिटाइलॲसिटोनेटपासून लहान कण बनवले, आणि त्यांनाच बी म्हणून वापरून थर चढवत ३ ते २० नॅनोमीटरमधली मापं मिळवली. २००४ मध्ये तीच रीत कोबाल्ट आणि मँगनीज फेराइटलाही लावली. यातला हिशेब सोपा पण फसवा आहे. ४ चा कण ८ चा करायचा तर घनफळ आठपट, म्हणजे बियांच्या सातपट नवा माल हवा. तो एकदम ओतला तर नवी केंद्रकं बनतात आणि दोन मापांचं मिश्रण हाती येतं. म्हणून थोडा थोडा.

सहज_वाचक

एक अवांतर. चुंबकी जिवाणू हे सगळं खोलीच्या तापमानाला, पाण्यात करतात ना?

भट्टीवाली

करतात, आणि आपल्याला लाज वाटेल इतकं नीट. ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे स्फटिक, एका जातीत एकाच आकाराचे, ओळीनं मांडलेले. प्रत्येक स्फटिक स्वतःच्या पटलाच्या पिशवीत वाढतो. तिथे लोह किती आत सोडायचं हे प्रथिनं ठरवतात, त्यामुळे मिसळण्याची भानगडच नाही.

आणि @तिरकस, 'साधं' हवं होतं ना? मी वर लिहिलेल्या त्याच आर्सेनिकवाल्या गटानं गंज, व्हिनेगर, खाद्यतेल आणि नाली साफ करायचा दाहक सोडा एवढ्यावर मॅग्नेटाइट करून दाखवलं होतं. तेल आणि सोडा मिळून साबण, साबण आणि लोह मिळून ओलिएटचा भाऊ. तापवावं मात्र लागतंच.

तिरकस

ते मला आवडलं. मागे घेतो असं नाही, पण आवडलं.

गोळीबंद

औषधाच्या बाजूनं एक. फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयावरचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं. ते लोह ऑक्साइडचेच कण, कार्बोहायड्रेटच्या आवरणात. रोग्याला लोह देण्यापुरतं काम असेल तर २०-२५ टक्के पसारा चालून जातो. कण क्षेत्रात तापवून गाठ जाळायची असेल किंवा चुंबकी कणांवरून प्रतिमा काढायची असेल तर नाही चालत, तिथे घनफळाचा घातांक आडवा येतो. म्हणून 'कुठली पद्धत चांगली' याआधी 'कशासाठी' हे विचारा.

शंकासुर

टीजीए झालं. २२ टक्के गेलं. म्हणजे ५५ भागिले ०.७८, ७०.५. पुडीचा रंगही बाटली उघडल्यापासून तपकिरीकडे झुकलाय. मॉसबाउअरला पाठवायला नमुना वाळवून ठेवू का हेक्झेनमध्येच ठेवू?

अवक्षेप

मॉसबाउअरला पूड लागते, पण पाठवायच्या आदल्या दिवशी वाळव, नायट्रोजनखाली, आणि बाटली तोंडापर्यंत भर म्हणजे वर हवा राहणार नाही. तोवर हेक्झेनमध्ये थोडं जास्तीचं ऑलेइक आम्ल घालून फ्रिजमध्ये. आणि मार्गदर्शकांना सांग, की मॅग्नेटाइटच हवं असा हट्ट नसेल तर मासार यांच्यासारखं मुद्दाम फेरिक नायट्रेट घालून उकळून सगळं मॅगेमाइट करून घेता येतं. फक्त ते ऑलेइक घालायच्या आधी, उघड्या कणांवर करावं लागतं, म्हणजे पुढच्या खेपेला. मग निदान आज एक, महिन्यानं दुसरं असं होत नाही.

शंकासुर

मॅगेमाइटच करतो. तापवून प्रतिमा वगैरे काही नाही, पाण्यातून रंग ओढायचाय फक्त.

गोळीबंद

मग ऑलेइकच नको. ऑलेइकनं कण पाण्यात मिसळणारच नाहीत. पुढची खेप सायट्रिक आम्लावर कर.